काळी दोन म्हणजे प्लस तीन

परवा माळ्यावर गणपतीचं डेकोरेशन शोधत होतो तर कीबोर्ड सापडला. गुंडाळलेली चादर पण तीच, २००३ साली मामेभावाने मुंबईहून कोकण रेल्वेने आणला तेव्हाची. कणकवलीला रिक्षावाला म्हणे आत काय, इस्त्रीचं टेबल?

आमच्याकडे सगळ्या कीबोर्डला कॅसिओच म्हणतात, कंपनी कुठलीही असो, तर तो कॅसिओ आला आणि आमचा बँड सुरू झाला. तिघंच. मी कॅसिओवर, मामेभाऊ गायला, आणि ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, भाड्याने आणून वाजवणारा एक मित्र जो एरवी ट्रॉलरवर असायचा. म्हणजे मासेमारी बंद असेल तोवर प्रॅक्टिस, नारळी पौर्णिमा झाली की ड्रमर समुद्रात. भावाकडे डेपेश मोडची कॅसेट होती, ते पण इंग्लंडमधल्या बॅझिल्डन नावाच्या छोट्या शहरातले, १९८० चा सिंथवाला बँड, त्यामुळे आम्हाला वाटायचं की बॅझिल्डनला जमतं तर देवगडला का नाही. त्यांची गाणी लिहिणारा विन्स क्लार्क १९८१ मध्येच सोडून गेला होता हे मला खूप नंतर कळलं, नाहीतर तेव्हाच सावध झालो असतो.

आयडिया एवढीच, शिमग्याच्या ढोलाचा ठेका आणि त्याखाली सिंथचा, म्हणजे सिंथेसायझरचा, जाडजूड बेस. आता यूट्यूबवर चरणजित सिंगांचं ऐकतो, त्या माणसाने १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या ८०८ ड्रम मशीन, ३०३ बेस मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथवर राग वाजवून ठेवलेत, आणि २०१० ला रेकॉर्ड परत निघाली तेव्हा जग तोंडात बोट घालून बसलं. आम्ही काही त्या लाईनीतले नव्हतो. खरं सांगायचं तर मला फक्त पांढरी एकमध्येच, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, वाजवता यायचं. भाऊ गायचा काळी दोनमध्ये, म्हणजे तीन पट्ट्या वर, मग सगळे सूर वर सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबून प्लस तीन करायचं आणि बोटं आपली तिथेच फिरवायची. हे फक्त आम्हा तिघांना माहीत.

एकूण कार्यक्रम चार. पहिले तीन सांगण्यासारखे नाहीत. चौथा वाडीतल्या माघी गणपतीचा, समोर सगळी वाडी, बायका पायरीवर, पोरं पार मखरापर्यंत. दुसऱ्या गाण्याचा अंतरा चालू होता आणि लाईट गेली, दोन-तीन सेकंदच, लगेच आली, कुणाला फार कळलं पण नसेल. पण कॅसिओ बंद होऊन चालू झाला की सगळं विसरतो ना. सिंथ ब्रासचा झाला साधा पियानो आणि प्लस तीनचं शून्य. भाऊ काळी दोनमध्ये तार सप्तकात आणि मी खाली पांढरी एकमध्ये, दोघंही डोळे मिटून, असं जवळजवळ एक ओळभर चाललं. मला वाटलं तो बेसूर झालाय, त्याला वाटलं मी. मग पुढच्या रांगेतून आवाज आला, "रे झिला, तुझो कॅसिओ रुसलो काय?"

मी बटणं चाचपेपर्यंत भजनातल्या बुवांनी शांतपणे पेटी पुढे ओढली, काळी दोन पकडली आणि गाणं पुरं करून दिलं. टाळ्या पडल्या त्या तेव्हाच. नंतर चहा पिताना म्हणाले, "आमच्या पेटयेक लाईट लागना नाय." ऑक्टोपॅडवाला एवढा हसला की चहा सांडला शर्टावर, आणि माझा भाऊ त्याच्याशी आठवडाभर बोलला नाही.

बँड काय त्या दिवशी फुटला नाही. पावसाळा आला तेव्हा ड्रमर मोकळा झाला पण भाऊ तोवर नोकरीला मुंबईला गेलेला, आणि खाऱ्या दमट हवेने कॅसिओचा मधला ग मेला. मी खोलून बघितला, पट्ट्यांच्या खाली रबराची लांब पट्टी असते, तिच्या आत कार्बनच्या बारीक काळ्या टिकल्या, त्या खाली सर्किटवर टेकल्या की सूर. स्पिरिटच्या कापसाने पुसल्या तर दोन दिवस वाजला, परत गप्प. आई म्हणायची चुलीजवळ ठेव, मी नाही ठेवला.

आणि मुळात त्या रात्री सेलवर वाजवला असता तर काहीच झालं नसतं. सहा मोठे सेल लागतात, नवेकोरे आणलेले मी. काकांनी आदल्या रात्री काढून बॅटरीत घातले, वाटेत जनावर दिसलं म्हणून. परवा खण उघडून बघितला, सहाही जागा अजून रिकाम्या.