स्टेम सेलचं ट्रेनिंग सोलापूरपर्यंत यायला पाहिजे

मी सोलापुरात ब्लड बँकेत टेक्निशियन आहे आणि हल्ली सारखं कोणीतरी विचारतंच की स्टेम सेलनं, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशींनी, गुडघा बरा होतो का, नातवाला ऑटिझम आहे त्याला बाहेरगावी नेऊ का, तिकडं इंजेक्शनचं पॅकेज सांगितलंय. काहीजण तर त्यासाठी रान विकायला निघालेले असतात. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं.

स्टेम सेलनं खरंच बरे होणारे आजार आहेत आणि ते मुख्यतः रक्ताचे आहेत. थॅलेसेमिया (यात शरीरात रक्त नीट तयार होत नाही), सिकल सेल, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, ब्लड कॅन्सरचे काही प्रकार. बोन मॅरोत, म्हणजे हाडातल्या मगजात, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात, त्या दुसऱ्याच्या निरोगी पेशींनी बदलल्या की पुढचं रक्त चांगलं तयार व्हायला लागतं. हे काही कालचं नाही, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये १९८३ लाच बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय. बाकी गुडघा, ऑटिझम, मणका यांवर संशोधन चालू आहे, जपानचे शास्त्रज्ञ यामानाका यांना तर त्वचेच्या पेशी परत मूळ अवस्थेत नेल्याबद्दल २०१२ चं नोबेल मिळालं, पण संशोधन चालू असणं वेगळं आणि उपचार सिद्ध होणं वेगळं. आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट आहे, सिद्ध न झालेलं काहीही फक्त नोंदणी केलेल्या ट्रायलमध्येच (उपचाराच्या चाचणीत) द्यायचं आणि ट्रायलमधल्या पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे कोणी लाखाचं बिल सांगत असेल तर तिथंच थांबा, ट्रायलचा नोंदणी नंबर मागा.

आमच्याकडं थॅलेसेमियाची एक मुलगी येते, दर पंधरा-वीस दिवसांनी रक्त लागतं. सुई डाव्याच हाताला लावा म्हणते, कारण उजव्या हातानं होमवर्क लिहायचा असतो, पिशवी संपेपर्यंत मांडीवर वही असते. वडील पूर्व भागात पॉवरलूमवर कामाला. सख्ख्या भावंडाशी एचएलए (पेशींची ओळख, ट्रान्सप्लांटसाठी ती जुळावी लागते) जुळायची शक्यता २५ टक्के असते आणि तिला मोठा भाऊ आहे, पण त्याची टेस्ट करा असं इतक्या वर्षांत त्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून ट्रान्सप्लांटला दहा लाखांपर्यंत मदत मिळते हेही नाही. याचं मला फार वाईट वाटतं. उपचार आहे, पैशाची सोय आहे, फक्त मधे सांगणारं माणूस नाही.

ट्रेनिंग पाहिजे म्हणतो ते यासाठी. मोठी लॅब पुण्या-मुंबईतच राहू दे, पण इथल्या नर्सताई, डीएमएलटीची (लॅब टेक्निशियन कोर्सची) पोरं, आशाताई, गल्लीतले डॉक्टर यांना एवढं तरी शिकवा की कुठल्या पेशंटला कुठं पाठवायचं आणि कुणाला खोट्या आशेपासून अडवायचं. आणि एचबीए२ ची तपासणी, म्हणजे कोणी थॅलेसेमियाचा कॅरियर (स्वतःला त्रास नाही, पण दोष मुलांत जाऊ शकतो) आहे का ते सांगणारी रक्ताची तपासणी. आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न होतं, एकाच घराण्यातले दोघं कॅरियर निघायचा धोका वाढतो, आणि दोघं कॅरियर असले तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर (सारखं रक्त लागणारा गंभीर प्रकार) होण्याची शक्यता २५ टक्के. पत्रिका बघता तसा रक्ताचा रिपोर्ट पण बघा, नाहीतर कमीत कमी गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तरी ही तपासणी करा.

अजून एक, डिलिव्हरीच्या आधी नाळेचं रक्त साठवायचं पॅकेज घेऊन माणसं येतात, बाळाच्या भविष्याची काळजी म्हणून हप्त्यावर सही घेतात. बाळाला जनुकीय आजार असला तर तोच दोष नाळेतल्या पेशींत पण असतो, मग त्या त्याला उपयोगाच्या नाहीत. आधीच्या मुलाला असा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांना जरूर विचारा. एरवी आयसीएमआर असं खाजगी साठवण करा म्हणत नाही.

ज्यांना घरात मॅच मिळत नाही त्यांना अनोळखी दाता लागतो. दात्रीसारख्या रजिस्ट्रीत (स्टेम सेल दात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत) नाव घालायला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, बस. पुढं कधी मॅच निघाला तर चार-पाच दिवस इंजेक्शन आणि मग बहुतेक वेळा हातातूनच मशीननं पेशी काढतात, हाड कापत नाहीत, पेशी परत तयार होतात. कॉलेजातली पोरं उत्साहानं नाव देतात आणि ऐनवेळी घरचे नको म्हणतात, तोवर तिकडं पेशंटची तयारी सुरू झालेली असते. म्हणून नाव द्यायच्या आधीच आई-वडिलांशी बोला, त्यांना पटत नसेल तर ब्लड बँकेत घेऊन या, मी बसून समजावून सांगतो.