शेवटी आम्हीपण प्लास्टिकचं झाड घेतलं

काल रात्री माळ्यावरून झाडाचं खोकं काढलं आणि अख्ख्या हॉलमध्ये डांबरगोळ्यांचा वास. गेल्या जानेवारीत खोकं बंद करताना आईने त्यात अर्धं पाकीट ओतलं होतं, का तर झुरळं. प्लास्टिक कुठलं झुरळ खातंय, पण आईशी वाद कोण घालणार. तर यंदा आमच्या नाताळाला जुन्या कपाटाचा वास आहे.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. बाबा १९८३ ला मराठी शाळेत मास्तर म्हणून गोव्यात आले आणि म्हापशातच राहिले. इथल्या लोकांना आमचं कोडं सुटत नाही, किरिस्तांव म्हटलं की कोकणी पाहिजे आणि घरात मराठी म्हटलं की गणपती पाहिजे, आमच्याकडे मराठी आणि नाताळ. आई करंज्या पाठवते, शेजारची आंटी त्यांना नेवऱ्यो म्हणून खाते आणि बदल्यात दोदोल पाठवते, इतकं सोपं आहे खरं तर. पण झाडाच्या बाबतीत आम्ही पहिल्यापासून पक्के गोंयकार, म्हणजे सुरूची फांदी.

बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मांद्र्याला समुद्राजवळ जमीन होती, तिथे सुरूची झाडं होती. दरवर्षी २० डिसेंबरच्या आसपास बाबा स्कूटर काढायचे, मागे मी, आणि येताना माझ्या मांडीवर आडवी धरलेली सात फुटी फांदी. सगळ्या रस्त्याने तोंडावर सपासप बसायची. बाबा नियमाचे इतके पक्के की विद्यार्थ्याला दरवेळी सांगायचे, फांदीच हं, झाडाला हात लावायचा नाही, १९८४ चा कायदा आहे, झाड तोडायला वनखात्याची परवानगी लागते. तो बिचारा मान हलवायचा आणि कोयता चालवायचा.

घरी आल्यावर रंगाचा रिकामा डबा, त्यात चिऱ्याचे तुकडे आणि रेती ठासून फांदी उभी करायची. मग बर्फ. बर्फ म्हणजे फाटक्या गादीतला कापूस, त्यात अधूनमधून सरकी निघायची. एका वर्षी फांदी रात्रभर अंगणात आंब्याखाली ठेवली आणि सकाळी सरळ उचलून आत आणली, तर त्यात शेकडो तांबडे मुंगळे. ते आधी बाबांच्या बनियनमध्ये गेले आणि मग गोठ्यात, बाळ येशूच्या गवतात. आई अजून ही गोष्ट पाहुण्यांना सांगते.

मला स्वतःला सुरूची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे त्याच्या त्या काड्या. सुईसारखी पानं वाटतात ना, ती पानं नसतातच, बारीक हिरव्या डहाळ्या असतात, पेराला पेर जोडलेलं, आणि खरी पानं म्हणजे प्रत्येक सांध्यावर नखाएवढीसुद्धा नाहीत अशी दातेरी किनार, जवळ धरून बघितली तरच दिसते. एका सांध्यावर हळूच ओढली की टच्कन सुटते आणि परत तशीच बसवता येते. आमचा खेळ तोच, एकाने मोडून परत जोडायची आणि दुसऱ्याने कुठला सांधा ते ओळखायचं. बाबा कधीच हरायचे नाहीत. मास्तर माणूस, बोट फिरवून सांगायचे.

पण फांदी तिसऱ्या दिवसापासून गळायला लागायची. २५ तारखेला अर्धी तपकिरी, ६ जानेवारीला तीन राजांच्या फेस्ताला काढेपर्यंत नुसता सांगाडा, आणि त्या काड्या लाद्यांच्या फटीत, सोफ्याखाली, फेब्रुवारीपर्यंत. आईने चाळीस वर्षं झाडू मारला आणि चाळीस वर्षं दर नाताळाला म्हणाली, प्लास्टिकचं आणा. बाबा म्हणायचे नकली झाड माझ्या घरात नको.

बाबांचा हा मुद्दा मला कधी पटला नाही. सुरू तरी कुठे आपला? तो ऑस्ट्रेलिया नि आग्नेय आशियाकडचा, किनाऱ्यावर वारा अडवायला आणि वाळू धरायला लावलेला. आणि तो पाइन तर नाहीच नाही. म्हणजे आम्ही परदेशी झाड आणून, त्याला दुसऱ्याच परदेशी झाडाचं सोंग देऊन, वर गादीचा कापूस चिकटवत होतो आणि ह्याला खरं म्हणत होतो.

बदल झाला तो आईमुळे पण नाही. मांद्र्याची ती जमीन विकली गेली, आता तिथे व्हिला आहेत आणि गेटवर वॉचमन. मग एक वर्ष बाजारातून फांदी आणली, ती बहुतेक आठवडाभर आधीच तोडलेली होती, २५ ला हात लावला की भुर्रकन. त्याच्या पुढच्या वर्षी बायकोने नर्सरीतून कुंडीतला ॲरोकेरिया आणला, ज्याला इकडे सगळे ख्रिसमस ट्रीच म्हणतात. छान होता, पण बाल्कनीत उजेडाकडे असा झुकला की त्या वर्षीच्या फोटोत आम्ही सगळे सरळ आणि झाड पडतंय. मूळ गावी, न्यू कॅलेडोनियात, तो ६० मीटरपर्यंत जातो म्हणे. एका मैत्रिणीने अंगणात लावला तो आता तिच्या कौलांच्या दुप्पट वर गेलाय. आमच्या फ्लॅटमध्ये तो काय जगणार, तिलाच देऊन टाकला.

मग गेल्या वर्षी पाच फुटी झाड, अडीच हजार. पत्र्याचा स्टँड, तीन तुकडे, फांद्या छत्रीसारख्या खाली पडतात, मग एकेक टोक हाताने फुलवत बसायचं. फुलवायच्या आधी ते सेम बाटली धुवायच्या ब्रशसारखं दिसतं. बाबा तासभर लांबूनच बघत होते. मी त्यांना सांगितलं की जर्मनीत १९ व्या शतकातच हंसाच्या पिसांना हिरवा रंग देऊन नकली झाडं करायचे, जुनी परंपरा आहे ही. म्हणाले, पिसं तरी खरी होती.

पर्यावरणाचा विषय लेकीने काढला, शाळेत प्रोजेक्ट होता. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्ट नावाच्या संस्थेचा हिशोब सापडला: २ मीटरच्या प्लास्टिक झाडामागे साधारण ४० किलो कार्बन डायऑक्साइड, खरं झाड कचऱ्याच्या डेपोत गेलं तर १६ किलो आणि जाळलं तर फक्त साडेतीन. आता हा हिशोब तिकडच्या शेतात वाढवलेल्या अख्ख्या झाडाचा, आमची नुसती फांदी, आणि ती शेवटी न्हाणीतल्या चुलीखालीच जायची, सुरू काय मस्त जळतो. म्हणजे आम्ही नकळत बरे होतो. प्लास्टिकवाल्याला बरोबरीत यायचं तर तेच झाड दहाएक वर्षं तरी वापरायला हवं. लेकीने हे जोरात वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी पेपरमधून मान वर न करता सांगितलं, दहा वर्षांनी मी चौऱ्याऐंशीचा, तोवर स्टँड टिकतो का बघा.

आणि खरंच, इथला एक पावसाळा काढला तर काल स्टँडच्या तिन्ही पायांना गंज. माळ्यावर प्लास्टिकात गुंडाळून ठेवूनसुद्धा. स्क्रू फिरेना, शेवटी खोबरेल तेल घातलं. नऊ पावसाळे बाकी आहेत, पुढच्या वेळी स्टँडला रंग मारून ठेवणार.

लेक खाली बसून फांद्या फुलवत होती. तिला आजोबांनी सुरूच्या काडीचा खेळ शिकवलाय, ती सवयीने प्लास्टिकची एक टोकदार पट्टी ओढून बघत होती सांधा सापडतो का. सांधा कुठला, पण पट्टीच हातात आली. मग आणखी दोन. झाड जरा हलवलं तर लादीवर हिरवे बारीक तुकडे पसरले, चांगले मूठभर.

बाबा खुर्चीतून वाकले, चष्मा वर करून बघितलं, आणि एकदम खूश होऊन म्हणाले, "गळतंय की!"

आई काही न बोलता झाडू आणायला गेली.