पेटी पोचली

माझ्याकडे एका मराठी गीतकारांचं पोस्टकार्ड आहे. नाव सांगत नाही. वर ॥ श्री ॥, मग सा. न. वि. वि., मग आंब्यांची पेटी पोचली, इतके आंबे डागी निघाले, बाकी उत्तम, कळावे. बास. जागा संपत आली तशी अक्षरं मुंगीएवढी झालीयत आणि शेवटची ओळ तर पत्त्याच्या बाजूला कडेने उभी चढवलीय. या माणसाची गाणी ऐकून लोक डोळे पुसतात आणि इथे साहेबांनी 'डागी' या शब्दाखाली दोनदा रेघ मारलीय, मी रद्दीवाल्याच्या दारातच हसत सुटलो. जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात होतं, किलोच्या भावात आलं.

मित्र म्हणाला, गाण्याचा कच्चा कागद मिळाला असता तर लॉटरी होती लेका. खोटं नाही, अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या एका गाण्याचा खर्डा, वॉशिंग्टनच्या कुठल्याशा हॉटेलच्या लेटरहेडचे चार कागद, २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात २० लाख डॉलरच्या वर गेला. पण मला खर्ड्यांचं तेवढं नाही. खर्डा लिहिताना माणूस गीतकार म्हणूनच बसलेला असतो, पत्रात तो बनियनवर असतो. त्याच डिलनची शाळेतल्या मैत्रिणीला लिहिलेली ४२ पत्रं आहेत, १९५७ ते ५९ मधली, म्हणजे अजून डिलन झालाच नव्हता, हिबिंग गावचा बॉब झिमरमन होता, नाव बदलायचे आणि दहा लाख रेकॉर्ड खपवायचे बेत त्या पोरीला कळवत होता. २०२२ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या 'लिव्रारिया लेलो' या पुस्तकांच्या दुकानाने ती जवळजवळ पावणेसात लाख डॉलरला घेतली. दुकानाने, हां! आपल्याकडचं एखादं दुकान असं करेल का, जाऊ दे.

मला सगळ्यात छळतं ते 'बीटल्स' बँडवाल्या जॉन लेननचं पत्र. १९७१ मध्ये स्टीव्ह टिल्स्टन नावाच्या नवख्या इंग्लिश गायकाची एका मासिकात मुलाखत आली, पैसा-प्रसिद्धी मिळाली की गाणी बिघडतील अशी त्याला भीती होती. लेननने ती वाचून मासिकाच्या पत्त्यावर स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, की बाबा रे, श्रीमंत झाल्याने तुला वाटतंय तसं काही होत नाही, आणि वर घरचा फोन नंबरही दिला. ते टिल्स्टनला मिळालंच नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका संग्राहकाने पत्र खरं आहे का म्हणून त्यालाच विचारलं तेव्हा त्याला कळलं, ३४ वर्षांनी. नंबर फिरवायला पलीकडे कोणी उरलं नव्हतं, लेनन १९८० लाच गेला होता.

हे वाचल्यापासून माझं कार्ड मला थोडं चोरीच्या मालासारखं वाटतं. कायद्याने कागद माझा, मजकूर लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा, म्हणून फोटोही टाकत नाही. त्यांच्या घरी कळवावं असं दर महिन्याला ठरवतो आणि काय कळवणार, की तुमच्या आजोबांचे आंबे डागी निघाले होते? निदान माझं कार्ड ज्याचं त्याला पोचलेलं होतं एवढं नक्की, कारण मधोमध भोक आहे. पूर्वी घरोघरी आलेली पत्रं वाचून झाली की तारेत खोचून ठेवायचे ना, ते भोक. ते नेमकं आंब्यांच्या आकड्यावर पडलंय. भिंगाखाली धरून बघितलं, खिडकीत उजेडाला धरून बघितलं, कधी चार वाटतात, कधी चौदा. चौदा असतील तर पाठवणाऱ्याची काही खैर नव्हती, मी आपले चार धरून चाललोय.