एक्क्यांची जोडी आणि पाच हजारांची चिप

मी मूळचा कुडाळचा, पणजीला मांडवीतल्या एका तरंगत्या कॅसिनोवर पोकर डीलर, म्हणजे पानं वाटणारा, आहे. २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मनाई आहे, त्यामुळे टेबलावर बसतात ते कोल्हापूर, बेळगाव, पुणे, हैदराबादकडचे. आठवड्यात एक छोटी टूर्नामेंट असते. चाळीस-पन्नास एंट्री, प्रत्येकाला वीस हजारांच्या चिप्स (खेळापुरती टोकनं), वीस मिनिटांची लेव्हल, म्हणजे दर वीस मिनिटांनी सक्तीने लावायची रक्कम वाढते. नवखे बहुतेक इथेच पहिल्यांदा बसतात.

त्या दिवशी कोल्हापूरकडचे एक काका होते. दिवाळीत घरी तीन पत्ती खेळून तयार झालेला हात. तीन पत्तीत चाल देत टिकून राहायची सवय लागते आणि पोकरमध्ये तीच अंगाशी येते. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडतात, आधी तीन, मग एकेक. हातातली दोन पानं बदामची आली की काका चिप्स टाकून टेबलावरची पानं बघणारच. पण हातात एकाच चिन्हाची दोन पानं असताना टेबलावरच्या पहिल्या तीन पानांतच फ्लश (पाचही पानं एकाच चिन्हाची) लागायची शक्यता शंभरात एक एवढीही नसते. असे कॉल करत, म्हणजे समोरच्याएवढीच रक्कम लावत, चौथ्या लेव्हलपर्यंत त्यांचे सोळा हजार उरले.

ब्लाइंड, म्हणजे पानं पाहण्याआधी दोघांनी लावायची सक्तीची रक्कम, ३००–६००: लहान ती स्मॉल ब्लाइंड, मोठी ती बिग ब्लाइंड. मी पानं वाटली. काकांनी पानं पाहिली आणि काही न बोलता पाच हजारांची एक चिप पुढे सरकवली.

मी म्हटलं, "कॉल."

"अरे कॉल कसला? रेज आहे माझी!"

फ्लोअर सुपरवायझर आले. नियम साफ आहे: तोंडाने रेज, म्हणजे रक्कम वाढवणं, न सांगता एकच मोठी चिप टाकली, तर ती कॉल धरतात. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचा हा नियम जगभर चालतो, आमच्याकडेही. ४,४०० परत गेले, ६०० राहिले. बिग ब्लाइंडवरच्या मुलाने फुकटात पुढची पानं पाहिली: राजा, सत्ती, तिर्री. पुढे काकांनी सगळ्या चिप्स लावल्या आणि एक्क्यांची जोडी उघडली. मुलाकडे सत्ती-तिर्री. दोन जोड्या, एका जोडीपेक्षा वरचढ. उरलेल्या दोन पानांनी काही बदललं नाही. काकांच्या चिप्स संपल्या.

एक्क्यांची जोडी २२१ हातांत सरासरी एकदा येते. काकांनी अठराशेची रेज नुसती तोंडाने म्हटली असती, तरी सत्ती-तिर्री पहिल्याच फटक्यात फोल्ड झाली, म्हणजे टाकून दिली गेली असती. लोक याला नशीब म्हणतात. मला ते पटत नाही.

हात चालू असताना डीलरने सल्ला देणं गुन्ह्यासारखंच. ब्रेकमध्ये मात्र काका बाहेर येऊन उभे राहिले. "पोरा, तू मराठी दिसतोस. पुन्हा एंट्री घेऊ का?"

मी त्यांना हिशेब सांगितला. सुरुवातीला ब्लाइंड १००–२०० होते, म्हणजे वीस हजारांत शंभर बिग ब्लाइंड. आता ४००–८००, तेवढ्याच चिप्समध्ये पंचवीस. "घ्यायची तर ही शेवटची, असं आत्ताच ठरवून घ्या. चिपला हात लावायच्या आधी बोला. आणि चिप्स रुपयांसारख्या मोजू नका, किती बिग ब्लाइंड उरलेत ते मोजा."

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नऊ जणांच्या टेबलावर वीस मिनिटांत जेमतेम एक फेरी होते आणि स्मॉल ब्लाइंड, बिग ब्लाइंड, अँटी (आणखी एक सक्तीची रक्कम) मिळून त्या फेरीत अडीच बिग ब्लाइंड जातात. चांगल्या पानांची वाट बघत बसायला छोट्या टूर्नामेंटमध्ये वेळच नसतो. त्याच संध्याकाळी एका तरुणाने दहा ब्लाइंड उरलेले असताना दोनची रेज केली आणि समोरून ऑल-इन (सगळ्या चिप्स एकदम लावणं) आल्यावर पानं टाकून दिली. पाचवा हिस्सा गेला, मिळालं काहीच नाही. दहा-बारा ब्लाइंड उरले की बहुतेक वेळा दोनच गोष्टी करायच्या: फोल्ड, नाहीतर ऑल-इन.

काकांनी दुसरी एंट्री घेतली. आम्ही डीलर टेबलं बदलत फिरतो, म्हणून मधला खेळ मी पाहिला नाही. फायनल टेबलवर गेलो तेव्हा सात जण उरले होते, बक्षीस सहा जणांना होतं आणि काका तिथे होते! ब्लाइंड ४,०००–८,०००, त्यांच्याकडे बावन्न हजार. साडेसहा ब्लाइंड.

"ऑल-इन." चिप्सना हात न लावता आधी शब्द. सगळ्यांनी पानं टाकली आणि मधले ब्लाइंड-अँटीचे वीस हजार त्यांच्याकडे आले. पाठोपाठच्या हातात पुन्हा "ऑल-इन". या वेळी कॉल आला. काकांकडे एक्का-राजा, समोर राण्यांची जोडी. पाचही पानांत ना एक्का आला, ना राजा. बक्षिसाच्या एक जागा अलीकडे काका बाहेर पडले.

उठताना त्यांनी विचारलं, "आता काय चुकलं?"

हात संपला होता, त्यामुळे मला उत्तर देता आलं. "काही नाही, काका. राण्यांसमोर एक्का-राजा शंभरात त्रेचाळीस वेळा जिंकतो. नऊ ब्लाइंडवर हीच चाल बरोबर होती."

काकांनी समोरच्या मुलाशी हात मिळवला. तिसऱ्या एंट्रीची चौकशी न करता ते किनाऱ्यावर नेणाऱ्या बोटीकडे गेले.