गुलालात माखलेला पेनड्राइव्ह

"ताई, ह्यात काहीच दिसंना," साताऱ्याच्या प्रेसमधला ऑपरेटर म्हणाला. पेनड्राइव्ह काढला, शर्टाला पुसला, परत खुपसला. टुडुंग वाजलं, दिवा लुकलुकला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात पुन्हा तेच: यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड.

पितृपक्ष नुकताच लागला होता. या दिवसांत नवीन काम काढू नये म्हणतात. दिवाळी अंकवाल्यांना ती सोय नाही, आमची सगळी धावपळ याच पंधरवड्यात. मी वाईत घराच्या पुढच्या खोलीत डीटीपी करते, १९९८ पासून. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल आणि वर्षातून एक दिवाळी अंक, १४४ पानांचा. विश्वकोशाच्या गावात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लोक घरी येऊन सांगतात, त्यामुळे काम जरा जपूनच चालतं.

"घरी प्रत असंल की," ऑपरेटर म्हणाला. मी हो म्हटलं आणि एसटीत बसल्यावर घाम फुटला. शेवटच्या तीन दिवसांचं काम फक्त त्या १६ जीबीत होतं.

आमचे संपादककाका ७८ वर्षांचे. छापील प्रुफावर लाल पेनाने खुणा करणं डोळ्यांमुळे आता होत नाही. मग मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जाते, ते शेजारी खुर्ची ओढून बसतात. "अगं, तो परिच्छेद वर घे. आणि हे 'परंतु' काढ, दोन ओळींत तीन झालेत." मी पेनड्राइव्हवरचीच फाइल उघडायची, तिथेच दुरुस्त करायची, तिथेच सेव्ह करायची. वर्षानुवर्षं असंच. घरी गेल्यावर प्रत काढायची हा नियम, पण त्या आठवड्यात घरात गौरी-गणपतीचे पाहुणे होते.

तेवढ्यावर भागलं असतं. अनंत चतुर्दशीला मंडळाची पोरं आरत्या मागायला आली आणि आरत्यांचं फोल्डर नेमकं याच पेनड्राइव्हमध्ये. दिला. मला नंतर कळलं की साउंडवाल्याच्या लॅपटॉपवर त्यात आणखी गाणी भरत होते, मिरवणूक हलली, आणि कॉपी अर्धी असतानाच कुणीतरी तो ओढून काढला. झाकण तर कधीच हरवलेलं. रात्री परत आला तेव्हा त्याचं तोंड गुलाबी होतं. मी तो तसाच पर्समध्ये टाकला आणि एकदाही उघडून न बघता साताऱ्याची एसटी धरली.

म्हणजे त्याला एकाच वेळी दोन आजार झाले होते. हे मला पुढच्या दोन दिवसांत समजलं.

पहिला आजार ओळखीचा. पेनड्राइव्ह लावला की कॉम्प्युटर त्याला आधी विचारतो, बाबा तू कोण, कुठल्या कंपनीचा, कुठल्या जातीचं यंत्र? त्याचं उत्तर आलं तरच पुढची बोलणी. उत्तर येत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ४३. माझ्याकडे तेच आलं, आधी पुढच्या पोर्टला, मग मागच्या. मागचं पोर्ट मुद्दाम करून बघावं, कारण ते थेट मदरबोर्डवर असतं. पुढचं आतून वायरने आणलेलं असतं आणि ती वायर कधीकधी दगा देते. इथे पोर्टचा दोष नव्हता.

पण दिवा तर लागत होता! याचं उत्तर पेनड्राइव्हच्या तोंडात आहे. आत चार सोनेरी पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन बोलण्याच्या. कडेच्या थोड्या लांब असतात, म्हणजे लावताना वीज आधी पोचते. मधल्या दोघींवर घाण बसली असेल तर दिवा लागतो, यंत्र जागं होतं, पण बोलता येत नाही. टॉर्च लावून पाहिलं तर त्या मधल्या दोन पट्ट्यांवर गुलालाचा थर घट्ट बसलेला. कृष्णेच्या घाटावरची ओल लागून त्याची पार पुटी झाली होती.

मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, इअरबडवर घेऊन पुसलं. मग पांढऱ्या खोडरबराचा कोपरा धारदार कापून पट्ट्यांवरून हलक्या हाताने फिरवला, कण फुंकून काढले, पुन्हा अल्कोहोल. दहा मिनिटं वाळू दिलं. चाकू, पिन, सुई असलं काही घालू नये. वरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

लावला. टुडुंग. ई ड्राइव्ह आला!

आणि लगेच दुसरा आजार पुढ्यात. ई वर क्लिक केलं तर चौकोन उघडला: वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करायची का? खाली मोठं ठळक बटण, फॉरमॅट डिस्क. मला त्या चौकोनाचा अजून राग येतो. घराचं कुलूप उघडत नाही म्हणून कुणी 'घर पाडू का' असं विचारतं का? आणि तेही असं, की घाईतल्या माणसाचा हात आपोआप हो वरच जावा.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला.

"मावशी, काही दाबू नकोस. कॅन्सल कर. आणि चेकडिस्क वगैरे पण चालवू नकोस, हं? ते स्वतःच्या अकलेने दुरुस्ती करतं आणि आहे ते पण घालवतं."

"मग बघत बसू का नुसती?"

"मी दिलेला लॅपटॉप आहे ना, लिनक्सवाला? तो काढ."

विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा तो लॅपटॉप दोन वर्षं कपाटावर होता. भाच्याचं म्हणणं साधं होतं. पेनड्राइव्हवर एक अक्षरही लिहायचं नाही. आधी त्याची सबंध झेरॉक्स काढायची, पहिल्या बिटापासून शेवटच्यापर्यंत, आणि जे काही उपचार करायचे ते झेरॉक्सवर. मूळ प्रत फाटकी असेल तर माणूस तिच्यावर खोडत बसत नाही. हे मला त्याने समजावण्याची गरज नव्हती, जुनी हस्तलिखितं आमच्याकडे अशीच हाताळतात.

त्या कामाला डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत चालतो, दिसायला काही नाही, पण स्वभाव मला आवडला. आधी सोपं सगळं वाचून घेतो, अडेल तिथे हटून न बसता पुढे जातो, आणि मग मागे येऊन अवघड जागा पुन्हा पुन्हा ठोठावतो. काय वाचलं, काय राहिलं याची वेगळ्या फाइलमध्ये नोंद ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुढे तिथूनच सुरू. आमच्याकडे त्या रात्री गेलीच होती. पावणेदोन तासांनी १४.९ जीबीची एकच मोठी फाइल तयार झाली. १६ घेतले आणि १४.९ दिसतात म्हणून दुकानदाराशी भांडू नका. तो हजार-हजारने मोजतो, विंडोज १०२४ ने. शेवटी जेमतेम ३०० केबी वाचता आले नाहीत.

मग टेस्टडिस्क. तेही फुकट, तेही काळ्या खिडकीत. त्याने त्या फाइलकडे बघून सांगितलं की बूट सेक्टर खराब, पण त्याची दुसरी प्रत ठीक आहे. फॅट३२ म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायची एक पद्धत. तिच्यात पहिल्याच सेक्टरवर, म्हणजे पहिल्या छोट्या कप्प्यात, ही जागा किती मोठी, खाती कुठून सुरू होतात हे लिहिलेलं असतं. ते पान गेलं की विंडोजला सगळी चोपडी कोरी वाटते. पण ज्यांनी ही पद्धत आखली त्यांनी त्याच पानाची एक प्रत सहाव्या सेक्टरवर ठेवायची सोय केली आहे. मी स्वतःच्या कामाची प्रत ठेवली नाही आणि पेनड्राइव्हने आपल्या पहिल्या पानाची ठेवली होती. फोनवर भाचा हसला, मी नाही हसले. झेरॉक्सवर ती प्रत पुढे आणून बसवली आणि फोल्डरची यादी उघडली. अंक, जाहिराती, फॉन्ट, आरत्या. संपादककाकांची काढलेली सगळी 'परंतु' काढलेलीच होती.

दोन जाहिराती मात्र फाटक्या निघाल्या, उघडेनात. त्यासाठी फोटोरेक चालवला. तो नावं, फोल्डर काही बघत नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरावीक खुणेने होते, तो तेवढ्या खुणा शोधत सगळा ढीग उपसतो. म्हणून सापडलेल्या फाइलींना नाव नसतं, नुसता 'एफ' आणि पुढे आकडे. त्यात मला एक जाहिरात मिळाली, दुसरी कंदी पेढेवाल्यांची मिळाली नाही, ती त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर मागवून पुन्हा बसवली.

पण त्या ढिगात बाकी जे निघालं त्याने माझी झोप उडाली. मी कधीच पुसून टाकलेल्या गोष्टी. सहा वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका, एका पतसंस्थेच्या अहवालाचा मसुदा, आणि कुणाकुणाच्या आधार कार्डाचे स्कॅन, जे लोक प्रिंट मारायला देऊन जातात. डिलीट केलं म्हणजे फक्त अनुक्रमणिकेतली ओळ खोडली जाते. मजकूर तिथेच, त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आणि असा पेनड्राइव्ह मी गुलालात भिजलेल्या पोरांच्या हाती दिला होता. पोरं गुणाची आहेत. तरीही.

अंक दुसऱ्या पेनड्राइव्हवर घालून, घरी लावून, उघडून, मगच साताऱ्याला गेला. आणि तेव्हा कुठे मी फॉरमॅटला हात घातला.

विंडोजमधून उजवं क्लिक करून पाहिलं, फॉरमॅट पूर्ण करता आलं नाही म्हणाला. मग डिस्कपार्ट, डिस्कची मांडणी बदलणारा विंडोजमधलाच काळ्या खिडकीतला प्रोग्राम. इथे मात्र चहा पिऊन, चष्मा पुसून बसायचं. आधी 'लिस्ट डिस्क' टाकलं की सगळ्या डिस्कची यादी येते. माझी शून्य नंबरची ९३१ जीबी, एक नंबरची १४ जीबी. नाव दिसत नाही, आकारावरूनच ओळखायचं. 'सिलेक्ट डिस्क १' टाकून पुन्हा यादी काढली, चांदणी १४ जीबीच्याच ओळीपुढे आहे ना ते पाहिलं. मग 'क्लीन'. एकच शब्द, आणि तो 'नक्की का?' असं विचारत नाही. चालू विंडोज असलेल्या डिस्कला तो हात लावत नाही, पण कामाची दुसरी डिस्क जोडलेली असेल आणि चुकून ती निवडली गेली तर तिच्यावरचं सगळं गेलं. सकाळी हे करताना मी घरातल्यांना सांगितलं होतं, दहा मिनिटं मला कुणी हाक मारायची नाही.

पुढचं सोपं, 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी', मग फॉरमॅट. फॅट३२ ठेवलं. एकेक फाइल ४ जीबीच्या आत राहत असेल आणि ड्राइव्ह प्रेसच्या जुन्या मशीनला, स्पीकरला, गाडीच्या टेपला चालायला हवा असेल तर तेच बरं. भाच्यासारखे लांबलचक व्हिडिओ न्यायचे असतील तर एक्सफॅट. आणि क्विक फॉरमॅट नाही. क्विकमध्ये फक्त नवी अनुक्रमणिका लिहिली जाते, जुनी आधार कार्डं आत तशीच. पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो. तासभर लागला, तोवर मी मटार सोलले.

शेवटी एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या प्रोग्रामने ड्राइव्ह काठोकाठ भरला आणि परत वाचून ताडून पाहिला. स्वस्तातले ड्राइव्ह ६४ लिहून आत ८ च असतात, ते पकडायलाही हाच उपयोगी. माझा पास झाला, एकही चूक नाही. तरी कामासाठी मी तो पुन्हा वापरला नाही. ३०० केबी न वाचता आलेला गडी आहे, आज बरा दिसतो म्हणून अंक त्याच्या खांद्यावर द्यायची हिंमत होत नाही. त्याला लाल दोरा बांधला, फक्त आरत्या भरल्या आणि मंडळालाच देऊन टाकला.

संपादककाकांना यातलं काही सांगितलं नव्हतं. अंक आला तेव्हा त्यांनी सुनेकडून सबंध वाचून घेतला आणि तिसऱ्या दिवशी फोन केला.

"अगं, पान ८७. 'परंतु' राहिलंय एक. मी सांगितलं होतं काढायला."

दोष त्या तीनशे केबींवर ढकलावा असं क्षणभर मनात आलं. पण फाइल उघडून पाहिली तर 'परंतु' माझ्याकडूनच राहिलं होतं.