साडेआठ वाजता आलेले दोघं

आल्प्समध्ये गट नेणाऱ्या लीडरचं निम्मं काम डोंगरात नसतंच. ते आदल्या हिवाळ्यात लॅपटॉपसमोर बसून, रिफ्यूजच्या, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरांच्या, तारखा जुळवत करावं लागतं. टूर द्यू माँ ब्लाँ (टीएमबी) म्हणजे फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड मिळून साधारण १७० किलोमीटरचा वळसा. वाटेवरची बहुतेक रिफ्यूज मध्य जून ते मध्य सप्टेंबर एवढीच उघडी, आणि चालणारे बहुतांश घड्याळाच्या उलट दिशेने. एका रात्रीची जागा हुकली की पुढच्या-मागच्या सगळ्या रात्री सरकवाव्या लागतात. 'तंबू नेऊ की!' असं सुचवणारा एक जण प्रत्येक गटात असतो. इटलीतल्या आओस्ता खोऱ्यात कॅम्पसाइट सोडून २५०० मीटरच्या खाली तंबू ठोकायला बंदी आहे, हे सांगितल्यावर तो गप्प होतो.

त्यामुळे बुकिंग आधी करावं का, या प्रश्नावर माझं उत्तर एकच: करावं. आजही तेच देते. पण गेल्या ऑगस्टमधली एक संध्याकाळ डोक्यातून जात नाही. खिंड कोणती ते सांगत नाही. ती सांगितली की तिथलं रिफ्यूज ओळखू येईल, आणि ते चालवणाऱ्या बाईंचा यात काही दोष नाही.

दुपारी दोननंतर विजांचं वादळ, असं सकाळच्या हवामान पत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं. अशा दिवशी एकच्या आत खिंड ओलांडून पलीकडे उतरायला लागायचं. आम्ही आठ जण वेळेत निघालोही. पण अर्ध्या तासातच एका काकांच्या उजव्या बुटाचा तळ टाचेपासून सुटून जिभेसारखा लोंबायला लागला. बूट भारीतले, आणि जेमतेम वापरलेले. घोटाळा तिथेच असतो. सोलच्या मधल्या थरातलं पॉलियुरेथेन कपाटात पडल्या पडल्याही हवेतल्या दमटपणाने कुजतं. म्हणून मी निघण्याआधी प्रत्येकाला बूट घालून डोंगर चढून या म्हणते. लोक बुटांचे फोटो पाठवतात.

नुसती डक्ट टेप खडकावर तासभरही टिकत नाही. आधी केबल टाय: दोन पंजावर, एक टाचेच्या पुढच्या खोबणीतून, आणि त्यांची लॉकं बुटाच्या वरच्या अंगाला, म्हणजे दगडावर घासून तुटत नाहीत. टेप त्यावरून, तीही बूट पायात असताना आणि पूर्ण वजन टाकलेलं असताना गुंडाळायची, नाहीतर पहिल्याच उतारावर ढिली पडते. डावा बूट धड दिसत होता, तरी तोही बांधला, कारण दोन्हींचं वय एकच. काका त्या बुटांवर पुढचा अख्खा दिवस चालले. सांगायला संकोच वाटत नाही, काम झकास झालं होतं. पण त्यात तास गेला आणि नंतरचा वेगही.

खिंडीच्या अलीकडच्या रिफ्यूजला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते आणि समोरची कड ढगात गेली होती. आमचं बुकिंग पलीकडच्या रिफ्यूजमध्ये, पैसे भरलेले. आठांपैकी तिघांचं म्हणणं, 'दीड तासाचाच तर प्रश्न आहे, जाऊन टाकू.' मी नाही म्हटलं.

तिथल्या गार्डियन बाईंनी, म्हणजे रिफ्यूज चालवणाऱ्या बाईंनी, जागा नाही म्हणून सांगितलं, पण हाकललंही नाही. त्यांच्याकडे प्रत्येक खोलीचा नकाशा काढलेला एक कागद होता. एकाला एक लागून गाद्या, प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने नाव, शेजारी खोडरबर. 'सहापर्यंत थांबा,' म्हणाल्या. मला हिशोब कळला. ज्या वादळाने मला अडवलं होतं, त्यानेच मागून येणाऱ्यांपैकी काहींना अडवलेलं असणार.

मी आधी पलीकडच्या रिफ्यूजला फोन लावला: आठ जण आज येत नाही, जागा मोकळ्या करा. तिकडचा माणूस क्षणभर बोललाच नाही, मग दोनदा आभार मानले. न येणारे लोक कळवत नाहीत, ही या वाटेवरची सगळ्यात संतापजनक गोष्ट आहे. सातचं जेवण किती जणांचं रांधायचं हे दुपारीच ठरतं, दारातून लोक परत पाठवले जातात आणि रात्री गाद्या रिकाम्या राहतात. काही महाभाग तर एकाच रात्रीसाठी तीन ठिकाणी बुकिंग करून ठेवतात. गट नेणाऱ्या कंपन्याही यात आहेत, आणि माझ्या व्यवसायातल्या लोकांना हे वाचून राग आला तरी चालेल.

सहा वाजता बाईंनी न आलेल्यांना एकेक करून फोन लावले. दोन गट खालच्या गावातच थांबले होते. एक नंबर लागेना. सव्वासहाला त्यांनी तीही नावं खोडली आणि आम्हा आठांची लिहिली. रबराचा चुरा फुंकून टाकला आणि म्हणाल्या, 'सूप सातला.'

साडेआठला दार उघडलं. बाप आणि त्याचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, नखशिखांत भिजलेले. मुलाचे दात वाजत होते. विजा चालू असताना ते एका गोठ्यात दोन तास बसले होते, तिथे नेटवर्क नव्हतं. फोनवर बुकिंगची पोच उघडून बापाने ती टेबलावर ठेवली. त्यांच्या गाद्यांवर काका-काकू झोपले होते.

बाईंनी कोणालाही उठवलं नाही. जेवणघरात दोन गाद्या टाकल्या, सूप गरम केलं, झोपण्याचे पैसे घेणार नाही म्हणाल्या. वादळात आलेल्याला परत पाठवायचं नाही, हे त्यांनी पाळलंच. नॉर्वेत तर ट्रेकिंग असोसिएशनच्या कर्मचारी असलेल्या केबिनमध्ये भर हंगामातही चालत आलेल्याला जमिनीवर का होईना जागा करून देतात. याउलट न्यूझीलंडच्या मिलफर्ड ट्रॅकवर हंगामात दिवसाला चाळीसच स्वतंत्र ट्रेकर सोडतात आणि बुकिंगशिवाय पाऊलही टाकता येत नाही. दोन्हीकडे माणसाला आपण कुठे उभे आहोत ते ठाऊक असतं. टीएमबी धड ना इकडे, ना तिकडे.

तो बाप ओरडला नाही. मला इतकंच म्हणाला, 'बुकिंग नसतं तर मी खालच्या गावातच थांबलो असतो.'

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मी माझ्या माणसांना पैसे भरलेल्या जागेसाठी वादळात जाऊ दिलं नाही, हे बरोबरच होतं. पण तो बाप नेमका तशाच जागेच्या भरवशावर पोराला घेऊन विजांमधून वर आला, आणि ती जागा माझ्या माणसांना मिळाली होती. बाईंनी सात वाजेपर्यंत थांबायला हवं होतं का? तरीही तो दीड तास उशिराच आला असता.

काकांना सकाळी कळलं. 'तू मला उठवायचं होतंस,' म्हणाले, आणि नाश्ता होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात खिंड ओलांडली. बुकिंगची साखळी एक दिवस मागे पडली होती, म्हणून पुढचा एक टप्पा बसने उरकला. ज्यांना 'पूर्ण वळसा पायी' म्हणायचं होतं त्यांचे चेहरे पडले. ते समजू शकते.

परत आल्यावर ऑफिसला एकच काळजी: आठ जणांच्या रात्रीचे पैसे दोनदा का गेले. आता नोंदणी अर्जात एक ओळ घालायचं चाललंय, की हवामानामुळे मुक्काम बदलला तर जादा खर्च ग्राहकाचा. तसं झालं तर पुढच्या वेळी ढग बघून थांबा म्हणणाऱ्या लीडरसमोर 'जाऊन टाकू' म्हणणारे तीन नसतील, सगळेच असतील. मी तसं लेखी कळवलंय. उत्तर अजून नाही, आणि पुढच्या हंगामाची बुकिंगं उघडायला लागली आहेत.