दोन टोकांची वठलेली झाडे

अंदमानात पोर्ट ब्लेअरजवळच्या (2024 पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम) सिप्पीघाटला पोहोचलो तेव्हा ओहोटी लागलेली होती. रस्त्याच्या कडेला आपल्या कोकणातल्या खाजणासारखे मचूळ पाणी दूरवर पसरले होते आणि त्यात वठलेली खोडे उभी होती. "ये सब खेत था, साहब. उस दिन पानी आया और गया ही नहीं," रिक्षावाले काका म्हणाले. त्सुनामी ओसरली, पण जमीनच सुमारे एक मीटर खचल्यामुळे पुढची प्रत्येक भरती शेतात शिरू लागली.

26 डिसेंबर 2004 रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या पश्चिमेला समुद्रतळाखाली खडक तुटून सरकू लागले; त्सुनामी आणणाऱ्या भूकंपाचा भंग तो हाच. भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, तेथे पूर्वेकडच्या पट्टाखाली सरकत असतो, मात्र दोन्ही पट्ट घासणीच्या जागी अडकलेले असल्याने वरच्या पट्टाची कडा खाली ओढली जाते आणि तिच्या मागचा भाग फुगत राहतो. शतकानुशतके साठलेला हा ताण त्या दिवशी सुटला. भंग एका क्षणात झाला नाही. कापड टर्रकन फाटत जावे तसा तो सेकंदाला सुमारे अडीच किलोमीटर वेगाने उत्तरेकडे धावत, आठ-दहा मिनिटांत जवळजवळ 1300 किलोमीटर लांब उलगडला. मुंबईहून दिल्लीला रेल्वेने जाण्याइतके हे अंतर! अडकलेली कडा मोकळी होऊन वर उसळली आणि मागचा फुगवटा बसला. उचललेल्या आणि खचलेल्या जमिनीमधली सीमारेषा अंदमान बेटांवरूनच जाते, आणि पोर्ट ब्लेअर तिच्या खचलेल्या बाजूला आहे.

ती दुसरी बाजू पाहण्यासाठीच मी उत्तरेला निघालो. जिरकाटांगच्या नाक्याहून वाहनांच्या ताफ्याबरोबर जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाणारा, मध्ये खाड्या ओलांडणारा हा प्रवास दिवसभराचा आहे. वाटेत मनात एकच विचार घोळत होता. मोठा धक्का बसला की ताण निघून गेला, असे आपण सहज म्हणतो. परंतु भंग जेथे थांबतो, तेथे शेजारच्या अडकलेल्या भागावर उलट भार वाढतो. उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी हा वाढीव ताण गणिताने काढून दक्षिणेकडील धोक्याचा इशारा 17 मार्च 2005 रोजी प्रसिद्ध केला, आणि अकराच दिवसांनी सुमात्रालगतच्या नियास बेटाजवळ 8.6 तीव्रतेचा भूकंप झाला. वाढलेला ताण मूळ साठ्याच्या मानाने किरकोळ असतो, पण तुटण्याच्या बेतात आलेल्या प्रस्तरभंगाला, म्हणजे खडकांतल्या भेगेला, तेवढाही पुरतो. कोयनेच्या धरणाचे पाणी आणि 1967 चा भूकंप यांचा संबंध ऐकत वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही.

डिगलीपूरजवळच्या एरियल बेला पोहोचलो तेव्हा पुन्हा ओहोटी होती. मेंदूसारख्या वळ्या असलेला एक मृत प्रवाळ खडक उघडा पडला होता. वरून सपाट, हाताला खरखरीत, आणि त्याच्या खोबणींत वाळू भरलेली. मागे खारफुटीची करडी, साल गेलेली खोडे होती. सिप्पीघाटची झाडे खाऱ्या पाण्याने मेली. येथली ते पाणी मुळांपर्यंत येईनासे झाल्यामुळे. एकाच सकाळच्या भंगाने हे दोन्ही घडवले होते.

मी भरती येईपर्यंत तेथेच थांबलो. प्रवाळ हळूहळू बुडाला, पाणी पूर्ण चढले, आणि खोडांच्या अलीकडेच थांबले.